बेतवेकाठच्या दुधातल्या दशम्या

झाशीत मे महिन्यात वनभोजनाला जायचं म्हणजे डोकं ठिकाणावर नसल्याचं लक्षण. हे मी नाही म्हणत, आमची अख्खी रेल्वे कॉलनी म्हणाली. शेजारच्या चाचीजी कुंपणावरून ओरडल्या, "पागल हो गए हैं क्या भाईसाहब? बच्ची को लू लग जाएगी!" आई म्हणाली, "मला काय सांगता, त्यांना सांगा." आणि बाबांना सांगायची सोय नव्हती. बाबा कोळशाचं इंजिन चालवायचे. ते म्हणायचे, जो माणूस दिवसभर भट्टीसमोर उभा राहतो त्याला ऊन काय असतं ते शिकवू नका. झालं, पुढे कोण बोलणार!

पण या वेळच्या हट्टाला कारण होतं. माझी आत्या येणार होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली. आत्या त्या वेळी लग्न होऊन, विधवा होऊन माहेरी परत आलेली. वय म्हणाल तर आजच्या शाळकरी पोरीएवढं. त्या पोरीनं बाबांना वाढवलं. पुढे बाबा नोकरी लागून झाशीला आले, माहेरचं घर मोडलं आणि आत्या खानदेशात दिराच्या घरी राहायला गेली. घरात राहायला गेली असं आपलं म्हणायचं. खरं म्हणजे चुलीपुढे गेली. पहाटे उठून सगळ्या घराचं करायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर मागच्या खोलीत आपलं पान घ्यायचं.

बाबा दर दोन-तीन वर्षांनी तिला आणायला जायचे आणि एकटेच परत यायचे. दर वेळी नवीन कारण. कधी गाय व्यायलीय, कधी पुतणसुनेचं बाळंतपण आहे, कधी "तुमच्या तिकडचं पाणी मला मानवायचं नाही रे." परत आल्यावर बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत. आणि आई भांडी घासता घासता म्हणायची, "माझ्याशी पटणार नाही असं वाटत असेल त्यांना. दुसरं काय?" ती अगदी सहज बोलल्यासारखं बोलायची, पण तिला ते फार लागलेलं होतं. दोघींची उभ्या आयुष्यात भेट झाली होती ती लग्नात आणि नंतर एखाद-दुसऱ्या वेळी, तीही घाईगर्दीत.

त्या वर्षी आत्या गावातल्या मंडळींबरोबर हरिद्वारला गेली होती. येताना मंडळी झाशीला उतरून धर्मशाळेत दोन रात्री मुक्काम करणार होती आणि आत्या तेवढ्या दोन रात्री आमच्याकडे येणार होती. दोनच हं, तिनं निरोपातच बजावलं होतं. बाबा म्हणाले, "या वेळी तिला जाऊ द्यायचं नाही. काय वाटेल ते करायचं, पण ठेवून घ्यायचं."

आता ठेवून घ्यायचं तर काय दाखवून? आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. उन्हाळ्यात त्यातल्या भिंतींना हात लावला तर चटका बसायचा. रात्री आम्ही अंगणात खाटा टाकून, चादरी पाण्यात पिळून अंगावर घेऊन झोपायचो. बाबा म्हणाले, "हे घर बघितलं तर उद्याच पळेल ती. तिला नदी दाखवू. तापीकाठची आहे आक्का. पाणी दिसलं की माणूस नरमतं."

म्हणून बेतवा. म्हणून वनभोजन. आणि म्हणून आईचा जीव टांगणीला.

कारण आत्या सोवळ्यातली. बाहेर, चार लोकांत, नदीवर बसून तिनं काय खावं? पाण्यात शिजवलेलं, पाण्यात भिजवलेलं, असलं काही घराबाहेर नेलं की ते खरकटं. पण दुधाला तो दोष नाही. जुन्या बायका प्रवासाला निघाल्या की पीठ दुधात भिजवून दशम्या करून घ्यायच्या, त्या कुठेही बसून खाता येतात. शिवाय उन्हातही टिकतात. आई लहानपणापासून हेच बघत आलेली. तिनं मनाशी ठरवलं, वन्संना नाव ठेवायला तिळाएवढी जागा ठेवायची नाही. पाण्याचा थेंब म्हणून लावायचा नाही कशाला.

काय काय केलं म्हणून सांगू! दुधातल्या दशम्या. दुधात भिजवलेल्या तिखटामिठाच्या पुऱ्या. रात्रभर फडक्यात टांगलेल्या चक्क्याचं श्रीखंड. खव्याच्या पोळ्या. बटाट्याची सुकी भाजी, तीसुद्धा तुपात परतलेली. शेंगदाण्याची चटणी, ती दह्यात कालवलेली. आणि सुरईत ताक, जिरं घालून, वरून ओलं फडकं गुंडाळून. आमच्या गवळी भैयानं विचारलं, "बाईजी, बिटिया की सगाई है का?" एवढं दूध आमच्या घरात कधी आलंच नव्हतं. मी सारखी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होते आणि आई सारखी ओरडत होती, "शिवू नकोस! लांब हो! अजून वन्संच्या तोंडात काही पडलेलं नाही!"

आत्या संध्याकाळी आली. मी मनात कुणीतरी मोठी, करारी बाई धरून बसले होते. टांग्यातून उतरली ती एक छोटीशी, काळीसावळी, वाळलेल्या खारकेसारखी बाई, हातात एवढीशी पिशवी; वळकटी मंडळींबरोबर धर्मशाळेतच ठेवलेली. पण बाबा, अहो, आमचे बाबा, ज्यांच्या आवाजानं फायरमन सरळ उभा राहायचा, ते तिच्यापुढे असे उभे राहिले की मला वाटलं आता हे शाळेतल्या मार्कांबद्दल सांगणार. तिनं त्यांच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "वाळलास रे." बाबा चांगले आडदांड होते. मी फिस्सकन हसले.

आईनं चहा पुढे केला. आत्या म्हणाली, "प्रवासातून आलेय गं, अंघोळ झाल्याखेरीज काही नको." अंघोळ झाली. मग म्हणाली, "आज शनिवार ना, मी एकदाच खाते, दुपारी झालंय." दोन केळी खाल्ली, पाणी प्यायली आणि अंगणातल्या खाटेवर पडून आकाशाकडे बघत राहिली. आई आत येऊन बाबांना हळूच म्हणाली, "चहासुद्धा घेतला नाही हो." बाबा म्हणाले, "उद्या बघ." पण मला दिसत होतं, आईचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरनं निघालो. नदीच्या पुलाअलीकडे एक चिमुकलं स्टेशन आहे, तिथे उतरलो. अजून उजाडत होतं. पायवाटेनं करवंदीच्या जाळ्यांतून खाली गेलो आणि एकदम समोर बेतवा.

मी झाशीतच जन्मलेली. नदी काही मला नवी नव्हती. पण आजही त्या सकाळबद्दल लिहायला घेतलं की माझा हात थांबतो. घरी रात्रभर अंगणाची जमीन तापलेली होती आणि इथे, पाण्यावरून येणारा वारा इतका गार की अंगावर काटा आला. मोठमोठे खडक पाण्यात बसलेले. त्यांच्या मधून पाणी बोलत चाललेलं. आणि पाण्यापासून वर काठापर्यंत सगळी पांढरी, कोरडी वाळू, आणि त्या वाळूत, कुठे माती नाही, कुठे खत दिसत नाही, हिरवेगार वेल पसरलेले आणि त्यांच्यावर खरबुजं! शेकड्यांनी! काकड्या, भोपळे, टरबुजं, कुणी जणू रात्रीतून आणून मांडून ठेवल्यासारखी. उन्हाळ्यात नदी आटली की काठचे लोक त्या वाळूत वाड्या करतात, पाऊस येईपर्यंत तिथेच खोपटात राहतात, आणि पाऊस आला की नदी सगळं परत घेते. दर वर्षी. मला ते माहीत होतं, तरी त्या पहाटे पटेना. जिथे पाय टाकला तर पोळतो अशा वाळूतून एवढा गोडवा वर येतो कसा?

आत्या थेट पाण्याकडे निघाली. तिनं चपला काढल्या. पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग ओंजळीनं पाणी घेऊन सूर्याला दिलं आणि तीच ओंजळ पुन्हा भरून प्यायली. परत आली तेव्हा तिचा चेहराच वेगळा होता. "हरिद्वारच्या गर्दीत नुसती बुडी झाली. असं निवांत वाहतं पाणी कितीतरी वर्षांनी प्याले बघ," ती म्हणाली. बाबांनी आईकडे बघितलं. काम फत्ते, असं त्या नजरेत लिहिलेलं होतं.

वाडीवाली बाई तोवर जवळ आली होती. सुरकुतलेली, हसरी, डोक्यावर पदर. तिनं एक खरबूज फोडून आत्याच्या हातात दिलं. "लेओ जिज्जी, ठंडो है, अबई खाओ." आत्या वाळूत मांडी घालून बसली आणि ते अख्खं खरबूज खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला. बाबा नुसते बघत बसले होते.

ऊन वर यायच्या आत जेवून घ्यावं म्हणून एका मोठ्या कोह्याच्या, म्हणजे आपल्या अर्जुनाच्या झाडाखाली आईनं चटई अंथरली. डबे उघडले. एकेक झाकण निघत होतं आणि आईचा चेहरा खुलत होता. दशम्या इतक्या मऊ की फडक्यात घडी घातल्यासारख्या. श्रीखंडावर केशराची काडी. आईनं पळसाच्या पत्रावळीवर वाढून पान आत्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "वन्सं, सगळं दुधातलं आहे. पाण्याचा थेंब नाही. अगदी निःशंक मनानं घ्या."

आत्यानं पानाकडे बघितलं. मग म्हणाली, "एवढं खरबूज खाल्लं, आता भूकच नाही गं मला. तुम्ही जेवा."

"थोडं तरी."

"खरंच नको."

"एक दशमी घ्या. नुसती चटणीशी."

"नको म्हणते ना."

बास. आईचा बांध फुटला. माझी आई गरीब स्वभावाची वगैरे नव्हती हं, उगाच गैरसमज नको. तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा. कालपासून तिनं तो कसाबसा दाबून ठेवला होता. ती बाबांकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलंत? काल चहा नको, आज जेवण नको. माझ्या हातचं चालत नाही त्यांना. इतकी वर्षं तुम्ही उगाच जाऊन विनवण्या करताय. त्या येत नाहीत त्या माझ्यामुळे, हे आज नदीवर बसून कळलं, बरं झालं." आणि हातातला पळा पातेल्यात टाकून ती ढसाढसा रडायला लागली.

बाबा पुढे सरकले आणि परत मागे बसले. वाडीवाली बाई लांबून बघत होती. मी घाबरून दशमी तशीच हातात धरून बसले.

आत्या उठली. आईजवळ जाऊन बसली. तिचा हात धरून म्हणाली, "अगं वेडे, तुझ्या हातचं नाही गं असं. तुझ्या हातचं कुणाला चालणार नाही? दूध. मला दूध चालत नाही. दूध नाही, दही नाही, तूप नाही. सोडलंय मी."

आईचं रडणं एकदम थांबलं. तिनं त्या पानाकडे बघितलं. दशमी दुधाची. पुरी दुधाची. श्रीखंड, खव्याची पोळी, तुपातली भाजी, दह्यातली चटणी, सुरईतलं ताक. पांढरं पांढरं सगळं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! म्हणजे सगळ्या जगातलं नेमकं तेवढंच शोधून शोधून घातलं मी!" आणि रडता रडता हसायला लागली. आत्याही हसली. दोघी हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. मला काही कळलं नाही, पण मीही हसून घेतलं.

आता माझी नात पुण्यात दूध-दही खात नाही, त्याला ती व्हीगन म्हणते, आणि पिकनिकला काय न्यायचं ते मोबाईलवर शोधते. त्या वेळी असा शब्द आमच्याकडे नव्हता. दूध सोडलं म्हणजे देवासाठी सोडलं, एवढं एकच कारण माहीत होतं. तीर्थाला गेलं की आपल्याला आवडणारं काहीतरी तिथे सोडून यायची रीत आहे आपल्यात. कुणी आंबा सोडतं, कुणी कारलं सोडून मोकळं होतं. म्हणून आईनं विचारलं, "हरिद्वारला सोडलंत का?"

"छे गं. जुनं आहे ते."

"जुनं म्हणजे कधीचं, आक्का?" बाबांनी विचारलं.

"आधी मला जेवू दे रे बाबा," आत्या म्हणाली. "खरं सांगू? खूप भूक लागलीय."

आणि आई अशी उठली, की काय सांगू! मघाशी रडणारी बाई ती हीच का, असं वाटावं. पण होतं काय आणलेलं? सगळंच दुधातलं. आई वाडीवाल्या बाईकडे गेली आणि सरळ म्हणाली, "अम्मा, हमारी ननदजी के लिए कुछ दो. पका हुआ नहीं, कच्चा." कोरडा शिधा कुणाच्याही हातचा चालतो, त्याला सोवळं आड येत नाही. त्या बाईनं खोपटातून कणीक आणली, दोन मोठी वांगी तोडून आणली, हिरव्या मिरच्या, कैरी, मीठ, आणि बाटलीत तळाला राहिलेलं तिळाचं तेल. "गकरियाँ बनाओ, जिज्जी," ती म्हणाली. "हमाए इतै तो जेई चलत."

गकरिया म्हणजे बुंदेलखंडातली जाडजूड भाकरीच म्हणा, गव्हाची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली. सोबत वांग्याचं भरीत. उन्हाळ्यात बाहेर जेवायला निघालेल्या इथल्या माणसाला विचारा, तो दुसरं नाव घेणार नाही. आम्ही इतकी वर्षं झाशीत राहून कधी केल्या नव्हत्या, कारण पीठ पाण्यात भिजतं ना! आईनं कणीक पुढ्यात घेतली आणि तिचा हात थांबला. तिनं आत्याकडे बघितलं.

"बघतेस काय?" आत्या म्हणाली. "नदीच्या पाण्याला विटाळ नसतो. आण."

आई तांब्या घेऊन पळाली. आत्यानं पीठ भिजवलं. तिचे हात त्या परातीत असे फिरले, की मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. एवढ्याशा बाईत एवढं बळ कुठून आलं? आईनं गोवऱ्या पेटवल्या, वांगी निखाऱ्यात लोटली. धूर डोळ्यांत जात होता, ऊन चढत होतं, दोघींच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि दोघी अखंड बोलत होत्या. काय बोलत होत्या देव जाणे. लग्नातलं काहीतरी, कुणाच्या तरी मुंडावळ्या उलट्या बांधल्या होत्या ते. बाबा आणि मी नुसते बसून बघत होतो. बाबा हळूच म्हणाले, "बघ, बघून ठेव."

ती गकरिया मी आजही विसरले नाही. वरून करपलेली, राख झटकलेली, आत लुसलुशीत. तोडली की वाफ. भरितात कच्चं तेल, मीठ, मिरची आणि कैरीचा किस. आत्यानं खाल्ल्या की हो पोटभर! एक झाली की आई दुसरी पुढे करायची. श्रीखंड आणि दशम्या वाडीवाल्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं आवडीनं खाल्ल्या, तिनं श्रीखंडाचं बोट चाटून डोळे मोठे केले आणि म्हणाली, "हाय राम, जौ का बनाओ बाई?" आई इतकी खूश झाली की पातेलंच तिच्या पुढ्यात ठेवलं.

मग दुपार झाली. लू, ती उत्तरेकडची भाजणारी झळ, सुटली. वाळूवर नजर ठरेना, समोरचे खडक थरथरल्यासारखे दिसायला लागले. पण झाडाखाली, पाण्याच्या कडेला, पाय नदीत सोडून बसलं की सोसवत होतं. आत्या खडकाला टेकून बसली होती. बाबा तिच्या शेजारी. ते मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होते. माझ्या मनात आलं, आता हे राहण्याचं काढणार.

पण बाबांनी भलतंच विचारलं. "आक्का, माझ्या तापापासून का?"

बाबांचा ताप आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. लग्नाआधी, नोकरीला नवे असताना, झाशीत एकटे असताना त्यांना विषमज्वर झाला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली होती. सोबत्यांनी आत्याला तार केली होती. आत्या आली नव्हती. पण बाबा वाचले, इथपर्यंत ती गोष्ट यायची आणि संपायची.

आत्या पाण्यात पाय हलवत राहिली.

"बरा झाल्यावर मी तुझ्याकडे आलो होतो," बाबा म्हणाले. "तू मला रोज पेलाभर दूध द्यायचीस आणि पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायचीस. मी विचारायचो, तू घेतलंस का? तू म्हणायचीस, माझं झालं. तेव्हापासून का?"

"तार आली," आत्या म्हणाली. अगदी साध्या आवाजात, कालच्या भाजीबद्दल सांगावं तशी. "भावजी म्हणाले, बाईमाणसानं एवढ्या लांब एकटीनं जायचं नाही. मग मी काय करणार होते? देवापुढे बसले. त्याला द्यायला माझ्याकडे होतं काय रे? दागिना नाही, जमीन नाही, पोटचं पोर नाही. एक दूधभात काय तो मला आवडायचा. म्हटलं, हा घे, आणि तो ठेव."

मी लहान होते. पण त्या क्षणी मला भीती वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात एकटीनं उभं राहिल्यावर वाटते तशी. माझे बाबा, हे एवढे धिप्पाड, समोर बसलेले, आणि म्हणून मी, माझे हात, माझे पाय, हे सगळं या वाळक्या बाईच्या दूधभातावर उभं होतं. आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा चिडले. त्यांना रडू आलं की ते चिडायचे. "मी बरा झालो ना? मग फेडून टाकायचा नवस! इतकी वर्षं कशाला?"

"बरा झालास म्हणूनच तर पाळायचा. असं काय करतोस?"

"आणि मला का नाही सांगितलंस? एकदा तरी?"

आता मात्र आत्यानं त्यांच्याकडे वळून बघितलं. "सांगितलं असतं तर तुझ्या घशाखाली दूध उतरलं असतं का रे? तू सोडलं असतंस. मी ओळखत नाही तुला? मग माझ्या नवसाचा उपयोग काय? तू प्यावंस म्हणून तर मी सोडलं."

बाबांनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. आई मागे उभी होती, हातात धुतलेली परात तशीच.

तिलाच आधी कळलं. ती हळूच म्हणाली, "वन्सं, म्हणून आला नाहीत का हो राहायला? इतकी वर्षं?"

आत्या हसली. "तिकडे मी सगळ्यांच्या मागून, एकटी जेवते. माझ्या पानात काय आहे आणि काय नाही, बघतं कोण? तुमच्या दोन खोल्यांत कुठे लपवणार होते गं? दोन रात्री निभतात. तिसऱ्या दिवशी यानं पेला पुढे केला असता." मग तिनं डोळ्यांवर आडवा हात धरून पलीकडच्या तीराकडे बघितलं आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आता कळलंच तुम्हाला. लपवायला काही राहिलं नाही. मग आता तिकडे जाऊन मी काय करू?"

बाबा उठले. त्यांना चपला घालायचंही भान राहिलं नाही. "धर्मशाळेतून तुझी वळकटी घेऊन येतो," म्हणाले आणि त्या तापल्या वाळूतून स्टेशनाच्या वाटेला चालायला लागले. आई मागून ओरडत होती, "अहो, गाडी संध्याकाळची आहे! अहो, पाय भाजतील!" ते थांबले नाहीत.